जाण्याआधीच परत आलेली तिमालेती

कोणताही खेळाडू स्वतःच्या बळावर मोठा होत नसतो. त्याच्यामागे समिती असावी लागते. मी वाइलेवू गावच्या क्रीडापटू गौरव समितीचा गेली अकरा वर्षं चिटणीस आहे म्हणून असं म्हणतोय, असं कुणी समजू नये. (अध्यक्ष म्हणजे आमच्या गावचे प्रमुख. पण ते पद त्यांना बापजाद्यांकडून आलेलं असल्यामुळे काम मलाच बघावं लागतं.) या समितीनं आजवर एकच खेळाडू घडवला. ती म्हणजे तिमालेती, माझ्या बहिणीची मुलगी. फिजीच्या महिला रग्बी संघात खेळते. अकरा वर्षांत एकच का, असं शेजारच्या गावातली काही खवचट माणसं विचारतात. एका खेळाडूचा गौरव करता करता आमच्या नाकी नऊ येतात. दुसरा निघाला असता तर गावात अळकुड्या कोणी लावल्या असत्या?

तिच्या उमेदवारीच्या काळात गावानं तिला जे सहकार्य केलं ते नोंदवहीत तारीखवार आहे. ती तेरा वर्षांची असताना ठराव पहिला: मैदान मुलांसाठी असल्यामुळे मुलींनी त्यावर रग्बी खेळू नये. ती अळूच्या वाफ्यांमधून पळायला लागली. ठराव दुसरा: अळूच्या वाफ्यांतून पळू नये. ती किनाऱ्यावर गेली. ठराव तिसरा: आखूड चड्डी घालून किनाऱ्यावर पळणारी मुलगी प्रार्थनेला निघालेल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेस पडते, सबब गावच्या हद्दीत प्रत्येक बाईनं कंबरेला गुडघ्याखालपर्यंत सुलू गुंडाळावा. ती सुलू खोचून पळायला लागली. ठराव चौथा चेंडूबद्दल होता. चेंडू जप्त झाला आणि अजून माझ्या कपाटावर आहे. मग पोरगी प्लॅस्टिकच्या बाटलीत वाळू भरून, वर फडकं गुंडाळून खेळायची.

विरोधाशिवाय खेळाडूला धार येत नाही, हे क्रीडाशास्त्रातलं मूलभूत तत्त्व आहे. आम्ही ते पाळत होतो. (पाळत होतो हे तेव्हा आमच्या लक्षात नव्हतं. ते नंतर आलं.)

ती एकोणीस वर्षांची असताना रेडिओवर राष्ट्रीय संघाची नावं वाचून दाखवली आणि त्यात तिचं नाव निघालं. संध्याकाळी तातडीची सभा भरली. ठराव पाचवा: गावानं तिमालेतीला लहानपणापासून भक्कम प्रोत्साहन दिलं, याचा सभेला सार्थ अभिमान वाटतो. एकमतानं मंजूर. मात्र आधीचे चार ठराव त्याच वहीत, त्याच पानावर होते. वाचणाऱ्याचा उगाच गोंधळ नको म्हणून आम्ही नवी वही सुरू केली.

तिथून तिची आंतरराष्ट्रीय कारकीर्द आणि आमची खरी मेहनत सुरू झाली. आमच्याकडे माणूस असा उठला आणि गेला, असं चालत नाही. प्रत्येक दौऱ्याआधी तिनं राजधानी सुवाहून बोटीनं आमच्या कांदावू बेटावर यायचं, गावच्या सभागृहात चटईवर मांडी घालून बसायचं, प्रमुखांपुढे यांगोनाची मुळं ठेवायची आणि निरोप मागायचा. मुळं कुटून पाण्यात कालवायची, करवंटीतून सगळ्यांनी प्यायची, भाषणं व्हायची, आणि लाकडी परात कोरडी पडली की निरोप मिळाला. दौऱ्याहून आल्यावर परतीचा विधी असाच, फक्त भाषणं जास्त लांब, कारण आता घाई नसते. फेरी बोट आठवड्यातून एकदाच येत असल्यामुळे एका विधीला एक आठवडा जातो.

चार वर्षांची आकडेवारी मी समितीच्या अहवालात दिली आहे. दौरे नऊ. निरोपाचे विधी नऊ, परतीचे नऊ. भाजलेली डुकरं एकतीस. भाषणं दोनशे चौदा (त्यांपैकी माझी अठरा, तीही अत्यंत आटोपशीर). शिबिरातले बुडालेले दिवस समितीच्या कक्षेत येत नाहीत. दुखापती एकूण दोन, आणि दोन्ही गुडघ्याच्या. संघाच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं की न्यूझीलंडच्या नव्वद किलोच्या बाया अंगावर घेऊन या मुलीला काही होत नाही, पण सहा सहा तास मांडी घातली की तिचा गुडघा सुजतो, तेव्हा तिला खुर्ची द्यावी. खुर्चीवर बसलं की डोकं प्रमुखांच्या डोक्याहून उंच जातं. त्यापेक्षा तिनं गुडघा बदलावा, असं आम्ही नम्रपणे कळवलं.

यंदा विश्वचषक आला. संघाच्या प्रशिक्षक लाइसानीबाई. या बाईंना समिती या गोष्टीबद्दल आदर कमी आहे. त्यांनी मला फोन केला.

"चिटणीससाहेब, या खेपेला तिचा निरोप फोनवर घेतला तर नाही का चालणार?"

"फोनवर परात कोरडी कशी होणार बाई?" मी विचारलं.

"मग एक ऐका. गुरुवारी संध्याकाळची फेरी तिला मिळालीच पाहिजे. शुक्रवारी दुपारी बाराला मी हजेरी घेणार. शनिवारी विमान आहे. बारापर्यंत माझ्यासमोर उभी नसली तर तिच्या जागी दुसरी जाईल, आणि पुढच्या चषकापर्यंत तिचे गुडघे टिकतील की नाही ते तुमच्या परातीला विचारा."

बाईंचा सूर मला आवडला नाही. तरी मी कार्यक्रम अत्यंत काटेकोर आखला. फेरी साडेपाचला सुटते. आमच्या गावाहून बंदरापर्यंत छोट्या बोटीनं दीड तास. दोनच्या सुमारास ओहोटी लागते आणि तीननंतर प्रवाळाच्या कडेवरून बोट जात नाही. म्हणून विधी सकाळी आठला सुरू, एकला समाप्त. सहा तासांचं काम मी पाच तासांत बसवलं. याबद्दल कुणी माझा सत्कार केला नाही, ते असो.

गुरुवारी सकाळी आठचा विधी साडेदहाला वेळेवर सुरू झाला. तिमालेती वरच्या अंगाला, प्रमुखांसमोर. तिच्या पाठीमागे वयाप्रमाणे अकरा रांगा, तळाशी बायका, आणि त्यांच्यामागे दार. गावाच्या वतीनं बोलण्याचा मान सेरेमाया आजोबांचा. वय एक्याऐंशी. निरोपाचं भाषण त्यांना तोंडपाठ, परतीचंही तोंडपाठ. साठ वर्षांत त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही, आणि त्या दिवशीही झाला नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

बाराच्या पुढे आजोबांनी देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरला आणि सुरुवात केली. "लांबच्या लाटांवरून आलेली आमची लेक..." म्हणाले. मला वाटलं, सुवाहून आली त्याबद्दल बोलतायत. "समुद्रानं तुला सुखरूप परत दिलं," म्हणाले. तेव्हा माझ्या शेजारच्या नेमानीनं माझ्याकडे बघितलं. "परक्या मैदानावर तू गावाचं नाव राखलंस. आता पाय धू, विसावा घे, चार रात्री आईच्या घराबाहेर पडू नकोस." आजोबा परतीचं भाषण करत होते. बिनचूक. पण हातात दात धरलेल्या माणसाला मध्ये अडवायची आमच्याकडे पद्धत नाही. सत्तर माणसं चूक ऐकत होती आणि सत्तरही माणसं अदबीनं मान डोलावत होती. मीही डोलावली. मी चिटणीस आहे, मला सर्वांत जास्त डोलवावी लागते.

शेवटी प्रमुखांनी दात हातात घेतला, कपाळाशी नेला, आणि तो स्वीकारला गेला.

इथे जरा गंभीर व्हावं लागेल. एकदा दात स्वीकारला की त्यासोबत बोललेलं सगळं पक्कं होतं. लग्नं अशी जुळतात, भांडणं अशी मिटतात, जमिनी अशा दिल्या जातात. तो परत करणं म्हणजे आजोबांच्या साठ वर्षांच्या तोंडावर थुंकणं. तेव्हा गुरुवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी आमची तिमालेती विश्वचषकाहून कायदेशीररीत्या परत आली.

ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मामा, मी अजून गेलेच नाहीये."

"गेली नाहीस कसं म्हणतेस? आत्ता तर तुझं स्वागत झालं."

"आजोबा चुकले."

"हळू बोल. आजोबा चुकत नसतात."

"मग मी काय करू?"

"चार रात्री आईकडे राहा. मासे खा. दमली असशील."

"कशानं दमेन मामा? मी खेळलेच नाही."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटणं हा विषय त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. मी ज्येष्ठांशी कुजबुजून मार्ग शोधला. प्रश्न सोपा होता. ती परत आली असेल तर तिला पुन्हा जाण्यासाठी पुन्हा निरोप घ्यावा लागेल. परत आलेल्याला चार रात्रींच्या आत निरोप देता येत नाही. म्हणजे सोमवारी. सोमवारी निरोप दिला की पुढच्या गुरुवारची फेरी. तोवर चषकाचे दोन सामने झालेले असतील, पण राहिलेले कोणी सांगावं, अधिक चुरशीचे निघतील. पाचव्या रांगेतल्या तोमासीनं तर आणखी पुढे जाऊन सुचवलं की ती गावाचं नाव राखून परत आली असं आता पक्कं झालंच आहे, तर पुन्हा जाऊन ते नाव कशाला धोक्यात घालायचं? ही सूचना सगळ्यांना विचार करण्याजोगी वाटली.

तेवढ्यात तळाच्या रांगेतून माझी बहीण वेरेनाइसी बोलली. तिथून बायकांनी बोलायचं नसतं.

"दादा, दीड वाजला. तुझी समिती घाल चुलीत. पोरीला सोड."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. प्रमुख सभेत बोलत नसतातच. आजोबा समाधानानं घाम पुसत होते. दुसरी परात कालवायला घेतली होती.

तिमालेतीनं एकदा दाराकडे बघितलं. सत्तर माणसं, अकरा रांगा, आणि दारात टेकून बसलेले नेमानीचे दोन भाऊ, जे आमच्या पुरुषांच्या संघात पहिल्या फळीत खेळायचे आणि ज्यांच्या माना अजून खांद्यांतच आहेत. मग ती उठली.

बसलेल्या वडीलधाऱ्यांमधून जायचं तर आमच्याकडे कंबरेत वाकून, डोकं खाली घालून, "तिलोऊ, तिलोऊ" अशी क्षमा मागत जायचं असतं. तिनं हा नियम पाळला, हे मी तिच्या बाजूनं नोंदवतो. फक्त वेगाबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या चार रांगा मला दिसल्याच नाहीत. पाचव्या रांगेत तोमासीनं हात आडवा घातला, ती त्याच्या डाव्या अंगाला झुकली आणि उजव्या अंगानं गेली. "तिलोऊ काका." आठव्या रांगेत नेमानीनं, जो मघापासून माझ्याच शेजारी होता आणि केव्हा तिकडे पोचला देव जाणे, तिच्या कंबरेला मिठी मारली. "तिलोऊ नेमानीदादा," ती म्हणाली, आणि नेमानी चटईवर चारी मुंड्या चीत. (नेमानीनं नंतर समितीला लेखी कळवलं की तो स्वतःहून आडवा झाला होता.) दारातले दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ती आणखी वाकली. एवढी थोराड मुलगी इतकी खाली जाऊ शकते हे मला माहीत नव्हतं. दोघांच्या मधून काय गेलं ते दोघांनाही सांगता येत नाही.

मी तिच्यामागे पळालो. चिटणीस म्हणून पळालो, हे स्पष्ट करतो. चार वर्षं मी तिचे सत्कार केले, पण तिला खेळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सामन्यांच्या वेळी नेमकी समितीची तयारीची सभा असायची. पळता पळता माझ्या तोंडून "शाबास" निघालं. ते कुणी ऐकलं नाही, आणि मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.

किनाऱ्यावर माझी बोट पाण्यात ढकललेली होती. तिची बॅग बोटीत होती. इंजिनाजवळ माझी बहीण बसली होती. म्हणजे ही बाई "चुलीत घाल" म्हणून जी गप्प झाली ती मागच्या बाजूनं सटकून इथे आली होती.

"मामा, बोट घेते," तिमालेती म्हणाली.

बहिणीच्या लेकरानं मामाची वस्तू मागितली तर मामानं ना म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत दातापेक्षाही जुनी आहे. म्हणून मी अडवलं नाही. उलट प्रवाळाच्या कडेपर्यंत छातीभर पाण्यात जाऊन बोटीला धक्का मारला, पण तो बोट वाचवण्यासाठी. दोन वाजून गेले होते. त्या दोघी गावाच्या हातावर तुरी देऊन निघून गेल्या.

गावात यानंतर जो पेच पडला तो जगातल्या कुठल्याही संघटनेला पडला नसेल. तिमालेती परत आली, हे दातानं पक्कं होतं. मग बोटीतून गेली ती कोण? साडेतीन तास चर्चा होऊन असं नमूद झालं की सदर दिवशी सभागृहातून एक अनोळखी बाई घाईघाईनं बाहेर गेली, तिच्या वर्तनाबद्दल तिमालेतीनं प्रमुखांची माफी मागावी. माफीच्या विधीसाठी उपसमिती नेमली. मी निमंत्रक.

उपसमितीच्या सभा पुढे पाच आठवडे चालल्या. योगायोगानं त्या सामन्यांच्याच वेळी भरत. एका सभेत कुणीतरी रेडिओ लावला होता, तो चर्चेत व्यत्यय येतो म्हणून मी बंद करायला लावला. तेव्हा प्रमुख पोटात कळ आल्याचं खुणेनं सांगून उठले आणि रेडिओ काखेत मारून चर्चच्या मागे गेले. दीड तासानं परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. सामन्यात काय झालं ते त्यांना माहीत असणार. पण प्रमुखांना प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

सहाव्या आठवड्यात ती आली. परतीचा विधी आधीच झालेला असल्यामुळे पुन्हा करता येत नव्हता. डुक्कर नाही, भाषण नाही, चटई नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पोरगी बोटीतून उतरली आणि सरळ घरी चालत गेली. भुवईवर पट्टी होती. बहिणीनं नारळाच्या रसात मासा केला होता. मी दारात उभा होतो.

"मामा, बोटीचा दोर झिजलाय, बदलून घ्या," ती म्हणाली.

"बघतो. तुझ्या माफीच्या विधीची तारीख ठरवायची आहे. पुढचा मंगळवार चालेल?"

ती हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली, मी आणखी काही विचारीन म्हणून थांबावं तशी. मी तिला मंगळवारचा तपशील सांगितला. परात किती वाजता, बसायचं कुठे, वगैरे.

"बरं मामा," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.

बहीण मला फाटकापर्यंत सोडायला आली नाही. अर्ध्या वाटेवर माझ्या डोक्यात उजेड पडला की मी तिला सामन्यांबद्दल काहीच विचारलं नाही. मागे फिरायची लाज वाटली. फार वाटली. अजून विचारलेलं नाही.

आता यावर तुम्ही मला हसणार. खुशाल हसा. पण एका आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या कारकिर्दीचा हा अहवाल तुम्ही पहिल्यापासून वाचत आलात. डुकरं किती भाजली ते तुम्हाला आता ठाऊक आहे. ती संघात कुठल्या जागी खेळते, तिचा संघ त्या चषकात जिंकला की हरला, हे मी कुठेही सांगितलेलं नाही, आणि मी आठवण करून देईपर्यंत तुम्हाला ते सुचलंही नव्हतं. आमच्या समितीत दोन जागा रिकाम्या आहेत. मंगळवारी सकाळी आठला या, म्हणजे साडेदहाला.